लातूरची गंजगोलाई : छायाचित्रणाविषयीं कांहीं सूचना

राष्ट्रकूटांच्या लेखांतील ‘लट्टलूर’ म्हणजे आजचें लातूर, असें संशोधक सामान्यतः मानतात. अशा प्राचीन नगराच्या मध्यभागीं, निजामी अमदानींत, इ. स. १९१७ सालीं फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली वर्तुळाकार दुमजली गंजगोलाई त्या काळीं सर्वस्वीं नवी वास्तु होती. मध्यें अंबाबाईचें मंदिर, भोंवतीं दुकानें, आणि चोहोंकडून सोळा रस्ते येऊन मिळालेले. नव्या वास्तूंकडे आमच्या मंडळींचें लक्ष सहसा जात नाहीं. शंभर वर्षें लोटलीं म्हणजे मग कागद शोधण्याची धांवपळ!

गोलाई एका छायाचित्रांत मावत नाहीं. वर्तुळाचा अर्धा भागहि एका जागेवरून दिसत नाहीं. यास्तव प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशीं, शक्य तों सारख्याच अंतरावरून, एकेक चित्र घ्यावें. यंत्र वर रोखूं नये. तसें केल्यास उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींजवळ येतात व चित्र मापें घेण्यास निरुपयोगी होतें. पूर्वांग सकाळीं, पश्चिमांग तिसरे प्रहरीं घ्यावें. दुकानांच्या पाट्या मूळ बांधकाम झांकतात हें खरें; पण त्या टाळूं नयेत, पुढें त्याहि साधनच ठरतील. चित्रामागें दिनांक, दिशा व अंतर लिहावें. त्यांवांचून तें पुष्पिका गळालेल्या पोथीसारखेंच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारी परिसरांत दगडमातीचीं असंख्य घरें भूकंपानें भुईसपाट झालीं. ज्यांचें चित्र कोणीं घेतलें नव्हतें, त्यांची आकृति आतां वृद्धांच्या सांगण्यांतच काय ती उरली आहे.