ओलीवर उभी वाळू

कोकण किनाऱ्यालगतच्या पुळणवट जमिनीत पाइपासाठी खोदलेला चर सकाळच्या वेळी पाहावा. जेसीबीच्या दातांचे ओरखडे भिंतीवर जसेच्या तसे, कड खरवसाची वडी कापावी तशी सरळ. खाली सांधा जुळवणारा गडी त्याच भिंतीला पाठ टेकून बिडी ओढतो.

ही वाळू कोरडी असती तर तीसेक अंशांच्या उतारावर येऊनच थांबली असती. ती उभी आहे कणाकणांमधल्या ओलीमुळे. पाण्याचा पातळ पापुद्रा कणांना एकमेकांकडे खेचून धरतो. ओल सुकली की हा ओढा संपतो आणि झिरप्याने साऱ्या फटी भरल्या तरीही संपतो.

उभ्या कडेच्या उंचीचं गणित फ्रेंच अभियंता कुलोंबने १७७६ सालीच मांडलं होतं. ओलीमुळे आलेला चिकटपणा ५ किलोपास्कल धरला, घर्षणकोन ३२ अंश आणि वाळूचं वजन घनमीटरला १.८ टन, तर कागदावर कड २ मीटरपर्यंत उभी राहते. चिकटपणा १ किलोपास्कलवर उतरला की उरतात जेमतेम ४० सेंटीमीटर. चर मात्र होता तेवढाच खोल असतो. म्हणूनच ‘सकाळपासून उभी आहे की’ हे वाक्य मला भीतिदायक वाटतं. तेवढा वेळ ती सुकतच आलेली असते.

ऊन चढतं तशी वरच्या कडेची वाळू भुरभुरू लागते. जुना मुकादम भिंतीकडे फारसा बघत नाही, तो वरच्या जमिनीवर कडेला समांतर गेलेली केसाएवढी भेग शोधतो. ती दिसली की, “अरे, पाइप राहू दे, आधी वर ये!” भेगेपासून चराच्या तळापर्यंतचा अख्खा पाचरीसारखा तुकडा एकदम सुटतो, पळायला वेळ देत नाही. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, मग डोकं वर असलं तरी काय उपयोग? उपसलेल्या वाळूचा ढीग कडेलाच असेल तर त्या तुकड्यावर आणखी भार.

दीड मीटरहून खोल चराला फळ्या-टेकू हवेत, असं भारतीय मानक ३७६४ सांगतं. ‘दोन तासांचं काम’ म्हणून ते टाळलं जातं. फळ्या नसतील तर दोन्ही बाजू उतरत्या कापाव्यात, पण त्याला जागा लागते आणि इथे एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला वाडीचा गडगा. मग मालक म्हणतो, गडग्याला हात लावायचा नाही. मुकादम फळ्या मागवतो आणि त्या येईपर्यंत गड्यांना वरच बसवून ठेवतो. त्या वेळेची मजुरी कोणी द्यायची, यावर दोघांची हुज्जत सुरू होते.