भारी किमतीचे मल्टिटूल विकत घ्यावे काय?

शेतीच्या अवजारांखेरीज शेतकऱ्याच्या घरी, गोठ्यात व पंपघरात दुरुस्तीची बारीकसारीक कामे सतत निघत असतात. पावसाळ्यात दाराची चौकट फुगते, भिंतीलगतचा पी.व्ही.सी. पाइप फुटतो, गव्हाणीच्या फळीत गंजलेला खिळा अडकून बसतो. अशा अडचणीच्या जागी करवत मागेपुढे हलविता येत नाही आणि ग्राइंडरची चकती आत शिरत नाही. ही उणीव भरून काढणारे विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे अवजार म्हणजे ऑसिलेटिंग मल्टिटूल होय. बाजारात ते अल्प किमतीचेही मिळते आणि तिच्या चौपट-पाचपट किमतीचेही. यांपैकी कोणते घ्यावे, किंबहुना घ्यावे की नाही, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वीच होणे इष्ट आहे.

रचना व कार्य

या अवजाराचे पाते गोल फिरत नाही. ते सुमारे 3 ते 4 अंशांच्या कोनात डावीउजवीकडे झुलते व मिनिटाला साधारणतः 10,000 ते 20,000 झोके घेते. झोका लहान असल्यामुळे पात्याचे टोक फळीच्या मध्यभागीही सरळ आत घालता येते. पाय मोडल्यावर घातलेले प्लास्टर कापण्याची करवत याच तत्त्वावर चालते. फाईन या जर्मन कंपनीने 1967 साली अशी करवत तयार केली व पुढे तीतूनच हे दुरुस्तीचे अवजार विकसित झाले. 2008 च्या सुमारास या कंपनीच्या मूळ पेटंटाची मुदत संपली. त्यानंतर इतर अनेक कारखानदार या धंद्यात उतरले आणि आजची स्वस्त अवजारे उपलब्ध झाली.

किमतीतील फरक कशाचा?

भारी अवजारात सहसा झोक्याचा कोन मोठा असतो. त्यामुळे काप लवकर होतो व भुसा मोकळा होऊन बाहेर पडतो. पात्यावर भार आला तरी वेग टिकून राहतो, हाताला बसणारे हादरे कमी होतात व चावीवाचून पाते बदलता येते. हलके अवजारही तेच काम करते, परंतु वेळ अधिक लागतो व तासाभरात हाताला मुंग्या येतात.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. काप अवजाराने नव्हे, तर पात्याने होतो. लाकडाचे साधे पाते खिळ्यावर आदळले की त्याचे दात जातात. खिळा असेल तेथे द्विधातू पाते, कठीण पोलादासाठी कार्बाइडच्या दातांचे पाते लागते. पात्यांवरील खर्च कालांतराने अवजाराच्या किमतीएवढाही होऊ शकतो. म्हणून आपल्या बाजारपेठेत मिळणारी पाती त्या अवजारास बसतात काय, हे आधी पाहावे. 2016 पासून प्रचारात आलेल्या स्टारलॉक पद्धतीच्या अवजारास प्रत्येक पाते बसत नाही.

हिशेब

उदाहरणादाखल भारी अवजार 20,000 रुपयांचे असून 8 वर्षे टिकेल, आणि हलके 4,000 रुपयांचे असून 4 वर्षे टिकेल, असे मानू. पहिल्याचा वार्षिक बोजा 2,500 रुपये, दुसऱ्याचा 1,000 रुपये. म्हणजे फरक 1,500 रुपयांचा. वर्षातून 6 दिवस अवजार वापरणाऱ्या शेतकऱ्यास हा फरक दर दिवशी 250 रुपये पडतो. वर्षातून 150 दिवस वापरणाऱ्या सुतारास किंवा नळजोडणी करणाऱ्या कारागिरास तो अवघा 10 रुपये पडतो. शिवाय रोजच्या राबत्यात हलके अवजार लवकर निकामी होते. तात्पर्य, कारागिराने भारी अवजार घेणे ही काटकसर आहे. एकट्या शेतकऱ्याने घेणे हा बहुधा अनाठायी खर्च होय.

ज्याच्याकडे अद्याप चांगली करवत व ग्राइंडर नाही, त्याने प्रथम तीच घ्यावीत. लांब फळी चिरणे अथवा जाड लोखंड कापणे हे मल्टिटूलचे काम नव्हे. मात्र शेतकरी गटातील दहा घरांनी मिळून भारी अवजार घेतले व प्रत्येकाने 6 दिवस वापरले, तर वरील हिशेबाने तोच फरक दिवसाला 25 रुपयांवर येतो. अशा वेळी अवजार एकाच्या ताब्यात असावे, ने-आणीची नोंद वहीत ठेवावी व पाती ज्याची त्याने आणावीत.

दक्षता

पाते फिरत नाही म्हणून ते निर्धोक आहे, असे समजू नये. लाकूड कापणारे दात बोटही कापतात आणि काप संपताच पाते चांगलेच तापलेले असते. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास धूळरोधक मुखपट्टी लावावी. पाते बदलताना प्लग काढावा किंवा बॅटरी वेगळी करावी. भिंतीत पाते घालण्यापूर्वी आत विजेची तार नाही याची खात्री करून घ्यावी. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे या अवजाराने मुळीच कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुढे कर्करोगासारखे असाध्य विकार जडतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला विचारणाऱ्यास एवढेच सांगावे की, गेल्या वर्षभरात करवत व ग्राइंडर दोन्ही जेथे अपुरे पडले, अशा कामांची यादी करावी. यादीत चारदोनच कामे निघाली, तर अवजार गटाकडून अथवा कारागिराकडून भाड्याने आणावे. यादी लांबली आणि कामे दर महिन्याची निघाली, तरच खरेदीचा विचार करावा.