ऐकलास का?

आफ्रिकेतले पक्षी म्हटले, की शहामृग, रोहित, गिधाडे डोळ्यांसमोर येतात. मी आज सांगणार आहे ते चिमणीहूनही लहान अशा एका तपकिरी पक्ष्याविषयी. सिस्टिकोला हे त्याचे नाव. आपल्याकडचे वटवट्या आणि शिंपी त्याच्याच कुळातले. सिस्टिकोलाच्या जाती पन्नासच्या आसपास आणि बहुतेक साऱ्या आफ्रिकेतल्या. पाठीवर गडद रेघोट्या, पोट फिकट, वजन १० ग्रॅमच्या आगेमागे. एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे! दक्षिण आफ्रिकेतले पक्षिनिरीक्षक अशा पक्ष्यांना वैतागून 'एलबीजे' म्हणतात. लिटल ब्राऊन जॉब, म्हणजे 'तपकिरी काहीतरी'.

नोकरीमुळे मी काही वर्षे जोहान्सबर्गला होतो. २००७ साली त्या देशात पक्ष्यांच्या नकाशाचे दुसरे मोठे काम सुरू झाले. साऱ्या देशाचे ८-९ किलोमीटरचे चौकोन पाडलेले. हौशी माणसांनी त्यांत हिंडून पक्ष्यांच्या याद्या पाठवायच्या. माझ्या पहिल्याच यादीत मी ऐटीत 'क्लाउड सिस्टिकोला' लिहिले. आमचे शेजारी, एक निवृत्त शिक्षक, यादी बघून म्हणाले, "ऐकलास का?" मी म्हटले, "नाही, पण नीट पाहिलाय. पुस्तकातल्या चित्राशी जुळतो." त्यांनी पेन्सिल काढली आणि नाव खोडले.

मला राग आला. पण त्यांचे बरोबर होते. तिथले गवताळ माळ खाणी, शेती आणि शहरे गिळत चालली आहेत. कुठल्या चौकोनात कोण उरले, हे अशा याद्यांवरूनच कळते. चुकीचे नाव म्हणजे नसलेला पक्षी नकाशावर जिवंत ठेवणे.

मग त्यांनी मला कान लावायला शिकवले. नोव्हेंबरात पाऊस झाला, की माळ हिरवा होतो आणि नर हवेत चढून गाऊ लागतात. झिटिंग सिस्टिकोला लाटांसारखा वरखाली उडतो आणि दर लाटेला एकदा 'झिट' म्हणतो. पंख वाजवत नाही. डेझर्ट सिस्टिकोला कोरड्या गवतावर, फार उंच न जाता उडतो आणि पंखांचा कटकट आवाज करतो. विंग-स्नॅपिंग पार उंच जातो, तिथून दगडासारखा खाली येतो, पंख फटाफट वाजवत जमिनीजवळ झर्रकन वळतो. आणि माझा तो क्लाउड? तोही दिसेनासा होईपर्यंत चढतो, बारीक शीळ घालतो. उतरताना भराभर 'चिक चिक चिक' करतो, पण पंख मुके. हिवाळ्यात हे सगळे गप्प असतात. तेव्हा यादीत नुसते 'सिस्टिकोला' लिहावे आणि घरी यावे, हे उत्तम.

इंग्रजी नावेही बहुतेक आवाजांवरूनच पडली आहेत. कुणी खुळखुळणारा, कुणी विव्हळणारा, कुणी डरावणारा. ह्यूबर्ट लाइन्स नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने या गोतावळ्यावर १९३० साली मोठा ग्रंथ लिहिला. जहाजे सांभाळणाऱ्या माणसाला या चिमुकल्यांनी इतके झपाटावे, याची मला गंमत वाटते.

यांतला झिटिंग मात्र मला पहिल्याच दिवशी ओळखता यायला हवा होता. दक्षिण युरोपापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. पुण्याभोवतीच्या माळांवरही पावसाळ्यात हेच 'झिट झिट' चालते. लहानपणापासून ते कानावर होते, पण तो किडा असेल अशी माझी समजूत!

शेजाऱ्यांची सत्तरी उलटली होती. उतारवयात आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. क्लाउडची शीळ त्यांना केव्हाच बंद झाली होती. माळावर उभे राहून ते आकाशाकडे बोट करीत आणि विचारीत, "आहे का वर?" मी कानामागे तळवा धरून ऐके. 'चिक चिक' करीत पक्षी खाली आला आणि पंख वाजले नाहीत, म्हणजे मी मान हलवी. मग ते पेन्सिलीने खूण करीत.