भूगर्भविद्या आणि अर्थार्जन

घरांतील एखाद्या मुलानें भूस्तरविद्या शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, म्हणजे वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, “दगड फोडून पोट भरेल काय?” प्रश्न रास्त आहे, परंतु माहितीवांचून त्याचें उत्तर देणें रास्त नव्हे.

हें शास्त्र आपणांस अगदींच परकें नाहीं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा स्वतंत्र अध्याय भूमिगत जलाच्या शोधास वाहिलेला असून, वृक्ष व वारुळें यांवरून पाण्याचा अंदाज कसा बांधावा हें त्यांत सांगितलें आहे. आमच्या सुप्याकडे पर्जन्य थोडा आणि भूमीखालीं काळा कातळ. हा कातळ लाव्हारसाच्या थरांचा झालेला. वरचा मुरूम, भेगा व सच्छिद्र थर यांतच काय तें पाणी सांठतें. ओल्या थरांतून वीज सुलभतेनें वाहते, कोरड्या घट्ट कातळांतून तशी वाहत नाहीं. या तत्त्वावर चालणारें यंत्र घेऊन शिकलेला मनुष्य विंधनविहिरीची जागा सुचवितो.

आतां वेतनाचा विचार करूं. केंद्र सरकारच्या सातव्या वेतन आयोगाचें कोष्टक १ जानेवारी २०१६ पासून लागू झालें. त्यांत सर्वांत खालच्या पायरीचें मूळ वेतन दरमहा १८,००० रुपये, तर १८५१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील ‘अ’ वर्गाच्या भूवैज्ञानिकाचें आरंभींचें मूळ वेतन ५६,१०० रुपये ठरलें, महागाईभत्ता निराळा. यंत्र चालविणारा, नमुने जमविणारा तंत्रज्ञ या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसतो. वर चढण्याचा राजमार्ग म्हणजे पदव्युत्तर पदवी व संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत हा विषय शिकवितात, आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेची मुख्य कचेरीही पुण्यासच आहे. खाणी, बोगदे व विंधन यांच्या खाजगी कंत्राटी नोकरींत मात्र काम संपतांच पगारही थांबण्याचें भय असतें, हें विसरूं नये.

म्हणून पदवी हातीं येतांच मुलास मिळेल त्या नोकरीस जुंपण्याची घाई करूं नये. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथेंच आहे: चार मिळवत्या हातांनीं पांचव्यास आणखी दोन वर्षें शिकूं द्यावें. फिरतीचें काम म्हणून मुलींसही या वाटेवरून परत फिरवूं नये.

अर्थार्जनाखेरीज आणखीही एक गोष्ट आहे. पाणाड्याच्या हातांतील नारळ उभा राहिला, कीं शेतकरी कर्ज काढून भूमीस छिद्र पाडतो. पाणी न लागलें तर कर्ज तेवढें उरतें. तोच शेतकरी शिकलेल्या माणसाच्या मेहनतान्यावर मात्र घासाघीस करतो. यंत्रही चुकूं शकतें. पण तें कां चुकलें हें तपासून पुढच्या वेळीं सुधारतां येतें, नारळास तें साधत नाहीं. विद्येचें मोल आपण ओळखलें, तरच त्या विद्येवर आपल्या मुलांचें पोट भरेल.