फोटोच्या पोटातला पत्ता

तुमच्या फोनमधला कुठलाही एक फोटो उघडा आणि त्याचा तपशील बघा. तारीख, वेळ दिसेल. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर नकाशावर जागाही दिसेल. माझं संशोधन सध्या इथंच अडलंय.

विषय ऊसतोडीचा. तेलगावला साखर कारखाना आहे, तरी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा, त्यामुळे बाईचं काम कागदावर वेगळं येतच नाही.

ते दाखवायचं कसं? १९६६ मध्ये सोल वर्थ आणि जॉन अडेअर यांनी अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्याच हातात फिल्म कॅमेरे दिले. विणकामावरच्या फिल्ममध्ये माग थोडा आणि लोकर, रंगाची झाडं यांसाठी चालणंच जास्त! बाहेरच्यानं हे चालणं कशाला टिपलं असतं? आता कॅमेरा द्यावा लागत नाही, घरात फोन असतो. (तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो, हा वेगळा प्रश्न.)

समजा, तिनं दिवसात चार फोटो काढले: पेटलेली चूल, फडातली मोळी, भरलेली गाडी, पुन्हा चूल. हललेले, अंधारे असले तरी चालतील. मला त्यांच्या वेळा हव्यात. एका चुलीपासून दुसऱ्या चुलीपर्यंतचे तास त्यातून मोजता येतात.

पण वेळेसोबत जागाही येते. उचल फिटायच्या आत एखादं जोडपं फड सोडून गेलं, तर मुकादम शोधत फिरतो. मी नाव बदललं, चेहरा पुसला म्हणून निर्धास्त, आणि फाइल मात्र कोपीचा पत्ता सांगत बसलेली! व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की हा तपशील गळतो, पण फोटो काढल्याची वेळही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं तसंच येतं. वेळेच्या लोभानं मी डॉक्युमेंटच मागणार होते.

आता आधी लोकेशन बंद, मग एक चाचणी फोटो तपासायचा. आणि संमतीची सही घेण्याआधी तिच्याच फोनवरचा ठिपका तिला दाखवायचा.

तेलगावात एका मावशींना दाखवला. ठिपका त्यांच्या घरावरच होता.

"हे कुणालाबी दिसतं व्हय?" मग जरा थांबून, "आन् आधीचे फोटू?"

त्या दिवशी मुलाखत राहिली. जुने फोटो एकेक उघडून बघत आम्ही दोघी ओट्यावर बसलो.