मीठ उतरलं, पण आधी पाण्याला वाट मिळाली

जपानच्या मार्च 2011 मधल्या त्सुनामीला पंधरा वर्षं झाली. फुकुशिमावर भरपूर लिहून आलं. सेंदाईच्या भातखाचरांवर जवळपास काहीच नाही. समुद्राचं पाणी त्या मैदानात काही ठिकाणी चार-पाच किलोमीटर आत शिरलं होतं. किनारपट्टीवरची वीस हजारांहून अधिक हेक्टर शेती बाधित झाली. आज त्यातल्या बहुतेक जमिनीत पुन्हा पीक उभं राहतं.

खारं पाणी मुरलं की सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, माती विस्कटते, छिद्रं बुजतात. आपल्याकडच्या चोपण जमिनीचं दुखणं हेच. उपायही ओळखीचा: चुना किंवा जिप्सम घालायचं, गोडं पाणी भरायचं आणि विरघळलेलं मीठ खालच्या सच्छिद्र नळ्यांतून बाहेर काढायचं. क्लोरीन 0.1 टक्क्याच्या खाली आलं की भात लावायचा. पण भूकंपाने किनाऱ्याची जमीन खचली होती, निचऱ्याची पंपघरं मोडली होती. पाणी बाहेर जाणारच नसेल तर धुऊन काय उपयोग? त्यामुळे सगळा भर आधी पंपांवर होता.

जपानी अभियंत्यांनी त्सुनामीच्या आधीच भूजल पातळी नेमकी राखण्याची रचना बसवली होती. सुमारे साठ सेंटिमीटर खोल नळ्या, त्यांना आडवे छेदणारे, गोळीसारखा फाळ ओढून पाडलेले मीटरभर अंतरावरचे बोगदे आणि बांधाशी पातळी ठरवणारं नळकांडं. ते वरखाली केलं की पाणी जमिनीच्या वर वीस सेंटिमीटरपासून खाली तीसपर्यंत हवं तिथे थांबतं. एकाच वावरात यंदा भात, पुढच्या वर्षी सोयाबीन.

मला मात्र नळ्यांपेक्षा 1949 चा तिथला भूसुधारणा कायदा मोलाचा वाटतो. दोन-तृतीयांश शेतकऱ्यांची संमती मिळाली की निचऱ्याचं काम सगळ्या शिवारासाठी होतं, उरलेल्यांनाही त्यात यावं लागतं. आपल्या कृष्णाकाठी नेमकं इथेच अडतं. उसाला पाट भरभरून मिळाला, जमीन चिबड झाली. एकाने पाइप टाकले तरी शेजारी चर पुढे काढू देत नाही. शिरोळला दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले, निचऱ्याची मुख्य वाहिनी सामायिक ठेवली, तेव्हा पडीक रानात पुन्हा ऊस आला. हे मनधरणीवर किती दिवस चालणार? सरकारने संमतीचा असाच कायदा करावा, कालव्याच्या अंदाजपत्रकात निचऱ्याचा खर्च पहिल्याच दिवशी धरावा, आणि सुरुवात शिरोळपासूनच करावी. काम जाणणारी माणसं तिथे आहेत.