उद्याचे पिस्तूल कोण ठरवते?

1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमोन इथल्या एमबी असोसिएट्स या कंपनीने ‘जायरोजेट’ नावाचे पिस्तूल बाजारात आणले. साध्या पिस्तुलांचे दिवस आता भरले, असे ते पाहून कोणालाही वाटले असते. त्यातून गोळी सुटत नसे; 13 मिलिमीटर जाडीचे चिमुकले रॉकेट सुटे. चाप ओढला की आतली हातोडी मागून नव्हे तर पुढून, थेट रॉकेटच्या नाकावर आदळे. त्या दणक्याने रॉकेट मागे सरकून पाठीमागे पक्क्या बसवलेल्या टाचणीवर आपटे, पेट घेई आणि बाहेर पडता पडता हातोडी खाली दाबून पुढच्या बाराची तयारीही करून जाई. हाताला झटका जवळपास नाहीच. 1967च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या बाँडपटातही ते झळकले.

पण रॉकेटला वेग पकडायला अंतर लागते. नळीच्या तोंडाशी ते इतके मंद असे की समोर उभ्या माणसापेक्षा लांबच्यालाच त्याचा धोका जास्त, आणि पिस्तूल तर जवळच्या अंतरासाठीच असते! नेम बेभरवशाचा, काडतूस महाग. काही वर्षांतच जायरोजेट संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसले.

पिस्तुलाच्या भविष्याविषयीची बरीच भाकिते याच वाटेने गेली आहेत. भाकीत करणारा संशोधकाच्या टेबलाकडे पाहत बसतो आणि बदल येतो तो पोलीस खात्याच्या निविदेतून, कायद्याच्या कलमातून किंवा नेमबाजीच्या मैदानातून. यंत्र म्हणून पिस्तुलाचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच बराचसा सुटला आहे, असे माझे मत आहे.

तो सोडवला प्रामुख्याने जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने. जोरकस काडतूस उडाले की पिस्तुलाचा मागचा भाग क्षणभर घट्ट बंद राहायला हवा, नाहीतर तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर यायचे. ब्राउनिंगने नळी आणि तिच्यावरची सरकती स्लाइड एकमेकींत अडकवली. बार झाला की दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे येतात. मग नळीची मागची बाजू किंचित खाली झुकते आणि खाचेतून सुटते. स्लाइड एकटीच मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना नवे काडतूस आत ढकलते. अमेरिकी लष्कराने 1911 साली या रचनेचे पिस्तूल स्वीकारले आणि 1985पर्यंत तेच त्याचे मुख्य पिस्तूल होते. ब्राउनिंग 1926 साली बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात काम करताना वारला. त्याचे अपुरे राहिलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह याने पूर्ण केले. 1935चे हे ‘हाय-पॉवर’ 13 काडतुसे घेई. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडातल्या इंग्लिस कंपनीने बनवले आणि पुढे त्याच नमुन्यावरचे 9 मिमी पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत तयार होऊ लागले. आपल्या जवानांच्या कमरेला अनेक दशके दिसलेले पिस्तूल ते हेच. आजच्या ग्लॉक किंवा सिग कंपन्यांच्या पिस्तुलांतही नळी अशीच झुकते, फक्त अडकण्याची जागा बदलली आहे. त्यातले 9 मिमी काडतूस तर त्याहून जुने, ऑस्ट्रियाच्या गेओर्ग लुगरने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी घडवलेले.

मग बदलले काय? आधी सांगाड्याचे साहित्य. प्लॅस्टिकचा सांगाडा म्हटले की ग्लॉकचे नाव येते, पण पहिला मान जर्मनीच्या हेक्लर अँड कोखचा. त्यांचे व्हीपी 70 हे 18 काडतुसांचे पिस्तूल 1970 सालीच आले होते. चाप इतका जड की नेम धरणे म्हणजे शिक्षाच. ते फारसे खपले नाही. ऑस्ट्रियाच्या लष्कराला 1980च्या सुमारास नवे पिस्तूल हवे होते. त्यात गास्टन ग्लॉक उतरले. पिस्तुलाचा अनुभव शून्य. त्यांचा कारखाना लष्कराला सुऱ्या पुरवायचा. पण प्लॅस्टिक आणि पत्रा यांवर हात बसलेला होता. 1982 साली त्यांचे ग्लॉक 17 निवडले गेले. अमेरिकेत ते पोचताच ‘विमानतळाच्या यंत्राला न दिसणारी बंदूक’ म्हणून हाकाटी झाली आणि 1988 साली कायदाही झाला. प्रत्यक्षात त्याची स्लाइड आणि नळी पोलादाची, ती यंत्राला व्यवस्थित दिसते. ज्या पोलीस खात्यांना सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरची चिंता होती, त्यांना हे हलके, स्वस्त, 17 काडतुसांचे पिस्तूल मानवले, आणि बाजार फिरला.

काडतुसांच्या बाबतीत तर भाकिते करणाऱ्यांची फारच फजिती झाली. 11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयच्या पथकाची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली 9 मिमी गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती आणि तो त्यानंतरही लढत राहिला. दोष 9 मिमी काडतुसाच्या माथी आला. एफबीआय 10 मिमीकडे वळली. त्याचा झटका अनेकांना झेपेना म्हणून दारू कमी केली. मग एवढ्या दारूला एवढी लांब पुंगळी कशाला, म्हणून 1990 साली .40 स्मिथ अँड वेसन हे आखूड काडतूस जन्मले. पोलीस खात्यांनी ते डोक्यावर घेतले. 9 मिमी संपले, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले जाई. दरम्यान गोळ्या बनवणारे स्वस्थ बसले नव्हते. शरीरात फुलणाऱ्या पण पुरेशा खोल जाणाऱ्या 9 मिमी गोळ्या आल्या आणि एफबीआय 2016च्या सुमारास निमूटपणे 9 मिमीवर परतली. 2022 साली आलेल्या .30 सुपर कॅरी या काडतुसाने तेवढ्याच मॅगझिनमध्ये दोन गोळ्या जास्त देऊ केल्या. युक्तिवाद बिनतोड होता, पण जे काडतूस गल्लीतल्या दुकानात मिळत नाही आणि महाग पडते, त्याच्यासाठी कोण पिस्तूल बदलणार?

कायद्याचा हात याहून थेट असतो. 1994 साली अमेरिकेने नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनवर 10 काडतुसांची मर्यादा घातली. दहाच मिळणार तर पिस्तूल मोठे कशाला, असा हिशेब झाला आणि 1995 साली ग्लॉकचे बुटके 26 आले. त्यातच एकेक राज्य अंगावर लपवून शस्त्र बाळगण्याचे परवाने सैल करत गेले. मर्यादा 2004 साली संपली, पण छोट्या पिस्तुलांची मागणी वाढतच राहिली. 2018चे सिग पी 365 हा त्या मागणीचा कळस. इंचभर जाडीच्या मुठीत दहा काडतुसे मावतात, कारण मॅगझिनमध्ये ती खाली एकाआड एक दोन रांगांत बसतात आणि वर निमुळती होत एका रांगेत येतात. कारागिरी म्हणून हे पाहण्यासारखेच आहे.

उलट कायद्यानेच एक शोध कसा गुदमरला, तेही पाहा. घरातल्या पोराच्या हाती पिस्तूल लागून होणारे मृत्यू टळावेत म्हणून मालकालाच ओळखणाऱ्या ‘स्मार्ट’ पिस्तुलाची कल्पना निघाली. न्यू जर्सीने 2002 साली ठरवले की असे पिस्तूल विक्रीस आले की तीन वर्षांनी राज्यात फक्त तसलीच विकायची. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. शस्त्रप्रेमींनी असे पहिले पिस्तूल बाजारात येऊच द्यायचे नाही, असा चंग बांधला. जर्मनीच्या आर्माटिक्सचे मनगटी घड्याळाने उघडणारे पिस्तूल 2014 साली विकायला निघालेल्या मेरीलँडमधल्या दुकानदाराला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. पुढे 2017 साली एका हॅकरने काही डॉलरच्या चुंबकांनी ते कुलूप निकामी करून दाखवले, तेव्हा उरलीसुरली पतही गेली. 2019 साली न्यू जर्सीने तो नियम बदलला. आता कोलोरॅडोतली बायोफायर ही कंपनी बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखणारे पिस्तूल घेऊन उतरली आहे.

उद्या काय येणार हे पाहायचेच असेल तर नेमबाजीच्या स्पर्धांत जावे. 1990च्या सुमारास तिथले स्पर्धक पिस्तुलावर लाल ठिपक्याची काच बसवू लागले, तेव्हा लोक त्याला खेळणे म्हणत. साध्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी डोळ्याने जुळवाव्या लागतात. इथे ठिपका लक्ष्यावर ठेवला की झाले. चाळिशी लागलेल्या पोलिसाला ही केवढी सोय! साधारण पंचवीस वर्षांनी, 2015 साली, ग्लॉकनेच अशी काच बसवण्यासाठी कारखान्यात कापलेल्या स्लाइड विकायला आणल्या. 2017 साली अमेरिकी लष्कराने निवडलेल्या सिगच्या एम 17 वरही तशी सोय आहे. नळीच्या तोंडाशी वायू वर सोडून झटका कमी करणारे जोडही याच मैदानातून बाजारात आले.

म्हणून माझा अंदाज असा, की पुढची वीस वर्षे 9 मिमी हलणार नाही, नळी झुकतच राहील आणि लाल ठिपका नसलेले पिस्तूल जुनाट दिसू लागेल. आतली रचना बदलेल ती न्यायालयांच्या धाकाने. ग्लॉकला छोटासा बेकायदा भाग जोडून त्याची मशीनगन करणारे गुन्हेगार वाढले, तेव्हा शिकागो शहराने 2024 साली कंपनीवर दावा ठोकला. 2025 साली कॅलिफोर्नियाने अशा रचनेच्या पिस्तुलांच्या विक्रीवर बंदी आणणारा कायदा केला आणि त्याच सुमारास ग्लॉकने अनेक मॉडेले थांबवून नवी मालिका जाहीर केली.

आपल्याकडे तर कायदा आणखी जुन्या काळात थांबला आहे. 9 मिमीसारखी लष्करी काडतुसे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध, म्हणून त्याच्या वाट्याला .32 येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ हे टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्वर काढले. धातू नवा, पण काडतूस एकोणिसाव्या शतकातले. सरकारी बनावटीच्या ‘अशनी’ पिस्तुलात पडते तेही ब्राउनिंगने 1899 साली बनवलेलेच. निषिद्ध बोअरचा नियम आहे तोवर भारतातल्या कोणत्याही नव्या नागरी पिस्तुलाची आखणी याच मापापासून सुरू होईल.